तोवरचा हुकूम

दूध काढायची यंत्रं दुरुस्त करणारा लामर्ट विसिंक आयुष्यात पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढला, आणि न्यायाधीशबाईंनी विचारलेल्या साध्या प्रश्नाला त्याने अगदी खरं उत्तर दिलं. ते उत्तर त्याला किती महागात पडलं हे सांगायचं तर आधी त्याच्या बापाची गोष्ट सांगावी लागते, त्याशिवाय माणूस कळायचा नाही.

बाप, म्हणजे थोरला विसिंक, याच कामातला. तेव्हा बादलीची यंत्रं होती, एकेका गाईखाली नेऊन हाताने लावायची. एकदा एका लग्नात, लोक चर्चच्या दारात उभे असताना, कुणीतरी येऊन त्याच्या कानाला लागलं. थोरल्याने कोटाच्या बाह्या वर केल्या, सायकल काढली आणि गेला. परत आला तेव्हा सूप निवून गेलं होतं आणि त्याच्या अंगाला शेणाचा वास येत होता. लग्न त्याचं स्वतःचंच होतं, हे सांगायचं राहिलं. नवरी तोवर पाद्रीबुवांशी हवापाण्याच्या गप्पा मारत बसली होती. तिला कुणी विचारलं, तर म्हणाली, "गाय तटतटली असेल तर मी काय आडवी येणार?"

तर हा त्या घरातला लामर्ट. वय एकसष्ट, गुडघे त्याहून म्हातारे. आता गाई आपल्या आपण यंत्रात शिरतात. यंत्राचा हात खालून येतो, सड शोधतो, वाट्या लावतो आणि गाय दाणे चघळत उभी राहते. ही पिवळ्या रंगाची यंत्रं ज्या कंपनीची, तिला आपल्या भागात सगळे पिवळी कंपनीच म्हणतात. दहांतल्या आठ गोठ्यांत तिचंच यंत्र. चाळीसेक गोठे लामर्टच्या हाताखालचे होते. कंपनीकडून सुटे भाग घ्यायचे, बसवायचे, आणि कंपनीने दिलेला आकडा यंत्रात घालायचा. तो आकडा घातल्याशिवाय यंत्र नव्या भागाला घरात घेतच नाही, खाष्ट सासूसारखं.

जानेवारीत कंपनीने कळवलं की यापुढे भाग आणि आकडे फक्त कंपनीच्या माणसांना आणि कंपनीशी करार केलेल्यांना मिळतील. कारण सुरक्षितता. ज्या शेतकऱ्याला दुरुस्ती हवी त्याने कंपनीशी पाच वर्षांचा देखभालीचा करार करावा.

"तीस वर्षं माझ्या हातून कुणाची सुरक्षितता गेली नाही," लामर्ट घरी बायकोला म्हणाला.

"तुझी गेली की," डिनी म्हणाली. "उशीर केलास तर बटाटेही निवून जातील. बस जेवायला."

डिनीनेच त्याला आर्नेम शहरातल्या वकीलबाईंकडे नेलं. वकीलबाई फान रेमेन. वयाने डिनीच्या मुलीएवढ्या, बोलणं मात्र तोलून मापून. त्यांनी समजावलं की बाजारात इतक्या मोठ्या झालेल्याने आपल्या जोरावर लहानाचा गळा आवळायचा नाही, असा स्पर्धेचा कायदा आहे आणि लामर्टची बाजू चांगली आहे.

"मग झालं तर," लामर्ट म्हणाला.

"झालं नाही. मूळ दावा तीन वर्षं चालेल, कदाचित चार. वर अपील."

"तोवर मी कुठे?"

"तेच. म्हणून आधी तात्पुरता हुकूम मागायचा. मूळ निकाल लागेपर्यंत कंपनीने पूर्वीसारखं देत राहायचं. त्यासाठी वेगळं झटपट कोर्ट असतं. तिथे न्यायाधीश एकच गोष्ट बघतात: आज हुकूम दिला नाही, तर निकाल लागेपर्यंत हा माणूस धंद्यात उरेल का? उरेल असं दिसलं, तर म्हणतात, मग थांबा की."

"म्हणजे मरायला टेकलोय हे दाखवायचं."

"दाखवायचं. आणि विसिंक, ते लपवायचं नाही."

त्या बाई आपल्या भागात कधी राहिल्या नव्हत्या, म्हणूनच हे शेवटचं वाक्य बोलल्या. इथे दुखणं सांगायची पद्धत नाही. पाय मोडलेल्या माणसाला कसं काय विचारलं, तर तो म्हणतो, दुसरा बरा आहे.

आणि दुसरी गोष्ट शेजारधर्माची. आपल्याकडे शेजारी म्हणजे नुसता बाजूला राहणारा नव्हे. बाळ झालं की मनुकांची लांबलचक पाव-लादी घेऊन तो येतो, माणूस गेला की शवपेटी तो उचलतो, आणि गोठ्यात अडलं की न बोलावता येतो. त्याचे पैसे नसतात आणि आभारही मानायचे नसतात. तेव्हा जानेवारीनंतर काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. ज्यांचे कंपनीशी करार होते त्या शेतकऱ्यांनी एकाऐवजी दोन भाग मागवायला सुरुवात केली. एक यंत्रात आणि दुसरा लामर्टच्या कामाच्या टेबलावर. कुणी ठेवला, कधी ठेवला, बोलायचं नाही. आकड्याचंही तसंच, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून कुणीतरी फोन लावी आणि तो लामर्टला मिळे. गोठे बंद पडलेल्या लोकांच्या जुन्या यंत्रांची पोटं फाडून त्याने वायरी काढल्या. चाळीसही गोठे चालू राहिले.

पण लामर्ट थकला. जो भाग पूर्वी फोन केला की दुसऱ्या दिवशी दारात यायचा, त्यासाठी आता पाच घरी कॉफी प्यावी लागे आणि पाचही घरी आपण कशाला आलोय हे सोडून बाकी सगळं बोलावं लागे. रात्रीची झोप उडाली. डिनी म्हणाली, ही कॉफीच असेल. ती कॉफी नव्हती.

मेमध्ये झुटफेनच्या कोर्टात सुनावणी झाली. कंपनीचे वकील ॲमस्टरडॅमहून आले होते, गृहस्थ सभ्य आणि हसतमुख. त्यांनी लामर्टचीच बिलं पुढे ठेवली. म्हणाले, "जानेवारीपासून श्रीमान विसिंक यांचं काम घटलेलं नाही. एकही गोठा बंद पडलेला नाही. मूळ दावा त्यांनी खुशाल लढवावा. पण आग लागलीये कुठे?"

न्यायाधीशबाई लामर्टकडे वळल्या. "विसिंक, तुम्हालाच विचारते. जानेवारीनंतर भाग नाही म्हणून एखाद्या गिऱ्हाइकाला तुम्ही परत पाठवलंत का?"

वकीलबाईंनी त्याला चार वेळा पढवलं होतं की सांगा, फार ओढाताण होते, असं फार दिवस चालणार नाही. पण प्रश्न असा आला की लामर्टच्या आतला थोरला विसिंक उठून उभा राहिला.

"नाही, बाई," तो म्हणाला. "मी आजवर कुणालाच परत पाठवलेलं नाही."

वकीलबाई फान रेमेन यांनी डोळे मिटून घेतले.

"मग भाग कुठून आणता?"

"लोकांकडून."

"कोणत्या लोकांकडून?"

लामर्टने खाली बघितलं. नावं घेतली असती तर त्या शेतकऱ्यांचे करार कंपनीने त्याच दिवशी फाडले असते. "चांगल्या लोकांकडून," तो म्हणाला. मागे बसलेला त्याचा शेजारी हेसेलिंक खोकल्यासारखं करून हसला, कारण यंत्राचा हात चालवणारा शेवटचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड त्यानेच दिला होता.

न्यायाधीशबाईंनी सांगितलं की दोन आठवड्यांनी पुन्हा ऐकू. तोपर्यंत प्रत्यक्ष नुकसान दाखवता आलं तर दाखवा, नाहीतर तातडी नाही असं मानून अर्ज फेटाळावा लागेल.

बाहेर गाड्यांपाशी वकीलबाईंनी आधी आपली कागदांची पिशवी गाडीत टाकली. मग म्हणाल्या, "तुम्ही तुमच्याच विरुद्ध साक्ष दिलीत, आणि तीही अभिमानाने."

"खरं तेच बोललो."

"मान्य. मग आता खरं तेच करा. तुमच्याकडे सरळ मार्गाने आलेले भाग नाहीत. मग पुढचा फोन आला की सांगा, माझ्याकडे भाग नाही."

"पण टेबलावर एक बोर्ड आहे."

"कुणाचा?"

"हेसेलिंकचा. त्याने स्वतःसाठी जास्तीचा ठेवला होता."

"मग तो हेसेलिंकचा आहे. तुमच्याकडे बोर्ड नाही."

लामर्ट गाडी चालवत घरी आला. वाटेत हेसेलिंक बाजूला बसून म्हणाला, "बोर्ड तुझाच आहे, हे तुला ठाऊक आहे ना?" लामर्ट म्हणाला, "ठाऊक आहे म्हणूनच वैताग आहे."

त्याच आठवड्यात शनिवारी सकाळी ड्रिका राउवेनहोर्स्टचा फोन आला. ड्रिका म्हणजे लामर्टच्या घरापासून तिसरा गोठा. वय त्र्याहत्तर, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पंचावन्न गाई आणि एक पिवळं यंत्र. करार नाही. कंपनीचा माणूस तिला म्हणाला होता की आजी, सही करा आणि निवांत झोपा, तर तिने उत्तर दिलं होतं की मी झोपतेच, तू नीट झोपतोस का?

"यंत्र मेलंय," ती म्हणाली. "हात वर येतो आणि तसाच राहतो, पाद्र्याने आशीर्वाद द्यावा तसा."

ते बोर्डाचं दुखणं होतं, लामर्टला फोनवरच कळलं. टेबलावरचा बोर्ड त्याने उचलून गाडीत ठेवला. मग गाडीत बसून राहिला. डिनी दारात येऊन उभी होती.

"जातोयस की नाही?"

"बसवला तर दोन आठवड्यांनी म्हणतील, बघा, याचं सगळं सुरळीत चाललंय. अर्ज गेला. आणि हा शेवटचा बोर्ड. पुढच्याला काय देऊ?"

"आणि नाही बसवला तर?"

"तर गाई."

डिनीने जरा विचार केला. "गाई ड्रिकाच्या आहेत," ती म्हणाली. "तिला विचार."

मग त्याने तेच केलं. ड्रिकाच्या गोठ्यात गाई यंत्राच्या फाटकापाशी दाटीवाटीने उभ्या होत्या, कासा दगडासारख्या, काहींच्या सडांतून दूध आपोआप ठिबकत होतं. लामर्टने टोपी काढली आणि सगळं सांगितलं. बोर्ड गाडीत आहे, तासाभरात यंत्र चालू होईल. पण मग कोर्टातलं संपलं, आणि कोर्टातलं संपलं की आज ना उद्या चाळीसही गोठे कंपनीच्या दाराशी.

ड्रिकाने ऐकून घेतलं. "बाकीच्या गोठ्यांत किती गाई असतील?"

"अडीच-तीन हजार."

"मग तो बोर्ड गाडीत राहू दे," ती म्हणाली. "आणि हेसेलिंकला फोन कर. त्याच्या माळ्यावर बादलीची जुनी यंत्रं आहेत. आणि नाहीत म्हणू नको म्हणावं, मला ठाऊक आहे."

पुढच्या दीड दिवसात आपल्या भागात जे झालं त्याची आठवण अजून लोक काढतात. हेसेलिंक बादल्या घेऊन आला, त्याची सून आली, डिनी आली, चर्चमधला बाजा वाजवणारा आला, ज्याने उभ्या जन्मात गाईला हात लावला नव्हता. गाई चाऱ्याच्या कठड्याला अडकवल्या. पण या गाई माणसाच्या हाताच्या नव्हत्याच. त्यांना यंत्राची सवय. कुणी खाली बसलं की लाथ. बाजावाल्याला दुसऱ्याच गाईने असं उडवलं की तो म्हणाला, मी संगीतातच बरा. आणि बसला मात्र परत. दोनच बादल्या चालत होत्या, उरलेल्यांची धार हाताने. सकाळचं संपेतो दुपार व्हायची आणि दुपारचं सुरू करायची वेळ आलेली असायची.

लामर्ट त्यांच्यात बसून पिळत होता. त्याचा कोट कठड्याला टांगलेला, बोर्ड बाहेर गाडीत. दर गाईमागे त्याच्या मनात येई की उठावं आणि बसवून टाकावा. दोनदा तो उठलाही. दोन्ही वेळा ड्रिका समोरून म्हणाली, "खाली बस, लामर्ट. तिचा डावा सड राहिलाय."

रविवारी संध्याकाळी दोन गाईंच्या कासा लाल होऊन सुजल्या. ड्रिकाची मनगटंही तशीच दिसत होती, पण ती दाखवत नव्हती. सोमवारी सकाळी लामर्ट पोचला तेव्हा अंगणात पिवळी गाडी उभी होती. कंपनीचा माणूस यंत्रापाशी वाकलेला. ड्रिका स्वयंपाकघरात बसली होती, दोन्ही हात गार पाण्याच्या भांड्यात.

"सही केली मी," ती म्हणाली. "पाच वर्षांची."

लामर्ट दारातच उभा राहिला. "बोर्ड गाडीत होता, ड्रिका. नुसतं म्हणायचंस."

"म्हटलं असतं तर तू बसवला असतास."

"हो."

"म्हणून नाही म्हटलं. आणि लोकांना तिसऱ्या दिवशीही बोलवायला मला लाज वाटली. त्यांच्याही गाई आहेत." तिने एक हात पाण्यातून काढला, बोटं मिटायचा प्रयत्न केला आणि परत बुडवला. "आता उभा काय राहतोस? कॉफी तुझी तू ओत, माझ्याच्याने किटली उचलत नाही."

वकीलबाईंना कळवलं तेव्हा त्या फोनवर म्हणाल्या, "विसिंक, हेच हवं होतं आपल्याला." मग लगेच म्हणाल्या, "माफ करा. तसं म्हणायचं नव्हतं." लामर्ट म्हणाला, "म्हणायचं तेच होतं. खोटं कशाला." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग यायला जेवढा दम लागतो तेवढा त्याच्यात उरला नव्हता.

दुसऱ्या सुनावणीत कंपनीच्या वकिलांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "त्या दिवशी विसिंक यांच्याकडे हवा तो भाग होता का?"

वकीलबाई अर्ध्या उठल्या. लामर्ट म्हणाला, "होता. गाडीत होता."

कंपनीचे वकील हसले. न्यायाधीशबाई मात्र हसल्या नाहीत. "मग बसवला का नाहीत?"

"तो माझा नव्हता, बाई. एका शेजाऱ्याने स्वतःच्या गाईंसाठी ठेवलेला. नाव विचारू नका."

"विचारत नाही. पुढे बोला."

"तिकडे बसवला, तर त्याचं यंत्र बिघडल्यावर त्याने काय करायचं? जानेवारीपासून मी हेच करतोय. एकाच्या गोठ्यातून काढायचं आणि दुसऱ्याच्यात घालायचं. तुम्ही मागच्या वेळी विचारलंत, कुणाला परत पाठवलं का. नाही पाठवलं. पण मी कुणाला दिलंही नाही काही. सगळं शेजाऱ्यांनी दिलं. त्यांच्याकडचं आता संपलं." त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "आणि ड्रिकाला मी परत पाठवलं नाही. तीच गेली."

एवढं बोलून तो खाली बसला. बसताना गुडघा कडकन वाजला, तो सगळ्यांना ऐकू गेला.

हुकूम जूनमध्ये आला. मूळ दाव्याचा निकाल लागेपर्यंत कंपनीने लामर्ट विसिंकला, त्याच्या आज असलेल्या गिऱ्हाइकांसाठी, पूर्वीच्या दराने भाग आणि आकडे द्यावेत. न दिल्यास दर दिवसाला दंड. लामर्टने मूळ दावा ठरल्या मुदतीत दाखल करावा, नाहीतर हुकूम आपोआप गळून पडेल. राउवेनहोर्स्ट बाईंचा करार योग्य की अयोग्य, हे मूळ दाव्यात ठरेल.

डिनीने सगळं वाचून दाखवलं. "म्हणजे जिंकलो?"

"तोवर."

"कधीपर्यंत तोवर?"

"तीन वर्षं. चार."

"तोवर तू चौसष्टचा. पासष्टचा." तिने बोटांवर हिशेब केला. "बरं आहे मग. त्यांनी तुझ्या निवृत्तीपर्यंतचीच सोय केली."

लामर्ट हसला नाही, पण टोपी घेताना त्याचा चेहरा थोडा सैलावला होता. हेसेलिंककडे जायचं होतं, त्याचा बोर्ड परत करायला. पण आधी तो ड्रिकाकडे गेला. इतरांच्या तोंडून तिने ऐकू नये असं त्याला वाटत होतं.

तिने ऐकलेलं होतंच. बाजावाला सकाळीच येऊन गेला होता. तिची मनगटं पट्टीत बांधलेली होती, आणि गोठ्यात यंत्राचा आवाज चालू होता, एकसुरी, व्यवस्थित.

"दोन आठवडे दम काढला असता तर," ती म्हणाली.

"गाईंनी काढला नसता."

"हो." तिने डब्यातून बिस्कीट काढून त्याच्यापुढे ठेवलं आणि डबा मिटला. "पाच वर्षं. मी अठ्ठ्याहत्तरची होईन, झालेच तर. पिवळा पोरगा वाईट नाही रे. चिखलाचे बूट बाहेर काढतो. पण गाईशी बोलत नाही."

"बोलायला शिकेल."

"तू नको शिकवूस."

लामर्टचा फोन वाजला. फोर्डेन गावाच्या पलीकडचा एक गोठा होता. यंत्राच्या वाट्या सुटत होत्या. लामर्ट म्हणाला, येतो, भाग आहे माझ्याकडे. किती महिन्यांनी हे वाक्य तो मान खाली न घालता बोलला होता. फोन ठेवून तो उठू लागला, आणि ड्रिकाने किटली उचलली, दोन्ही हातांनी, पट्ट्यांसकट, सावकाश. थोडी कॉफी बशीत सांडली.

"तू आता इथे कामाला येणार नाहीस," ती ओतता ओतता म्हणाली. "म्हणजे आलास तर नुसता येशील."

"हो."

"मग बस. वाट्या सुटल्याने गाय मरत नाही."

लामर्टने घड्याळाकडे बघितलं आणि बसला.